एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालक संघटनेच्या) नियमांत बसणारा घरापुढचा वाफा : शोभेचा दिसेल आणि स्वयंपाकालाही उपयोगी पडेल असा (डॅलस परिसर)

(बागकामाची चर्चा. ओसरी, कागदपत्र, खुरपं आणि पाटपाणी ही भाग घेणाऱ्यांची टोपणनावं.)

ओसरी

घर डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात, तोंड पश्चिमेला. पुढच्या खिडक्यांखाली २२ फूट लांब, ५ फूट रुंद वाफा आहे. उत्तरेच्या टोकाला पोर्चची सावली पडते आणि छताच्या पन्हाळीचं पाणीही तिथेच उतरतं. बाकीच्या वाफ्यावर दुपारी दोननंतर नुसतं भाजून काढणारं ऊन. मागच्या अंगणात मोठ्या ओकची सावली, तिथे कोथिंबीरसुद्धा नीट येत नाही.

नियम थोडक्यात असे: रस्त्यावरून दिसेल असा भाजीपाल्याचा वाफा नको, पुढची झाडं शोभेची हवीत, खिडकीच्या कट्ट्यावर (३ फूट ४ इंच) झुडपं जाऊ नयेत, वाफ्याला कड आणि मल्च (मातीवरचं आच्छादन) बारा महिने हवं.

अळू, अंबाडी, गवती चहा, कढीपत्ता यांतलं काय जमेल? हिवाळ्यात वाफा ओकाबोका दिसू नये म्हणून काय करावं? आणि एचओएच्या कमिटीकडे अर्ज करताना काय लिहावं? पत्रापत्री आणि शेजाऱ्यांशी कटकट नको आहे.

कागदपत्र

आधी "भाजीपाल्याचा वाफा" याची व्याख्या कुठे दिली आहे का ते शोधा. कागद दोन प्रकारचे असतात. एक मूळ डिक्लरेशन (वसाहतीचा मूळ नियमपत्र-दस्त), दुसरा बोर्डाने नंतर केलेली मार्गदर्शक नियमावली. दोन्हींत विसंगती असेल तर डिक्लरेशनचा शब्द चालतो. टेक्सासात असा कोणताही कागद काउंटीच्या दफ्तरी नोंदवल्याशिवाय लागू होत नाही (प्रॉपर्टी कोड, कलम २०२.००६). म्हणून कुणी मेलवर पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका, नोंदवलेली प्रत काढा.

कलम २०२.००७ प्रमाणे एचओएला ठिबक सिंचन, पावसाच्या पाण्याची पिंपं, कंपोस्ट आणि कमी पाण्यावर जगणारी बाग यांना सरसकट बंदी घालता येत नाही. जागा, आकार, दिसणं यांवर अटी मात्र घालता येतात. हे कलम भाजीपाल्याबद्दल नाही, त्यामुळे ते पुढे करून भेंडी लावायला जाऊ नका.

अर्जाला प्रमाणात काढलेला आराखडा जोडा, पाव इंचाला एक फूट. प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव, पूर्ण वाढल्यावरची उंची आणि रुंदी, जानेवारीत ते कसं दिसेल, कड कशाची, मल्च कोणतं आणि किती जाड, एवढं लिहा. नुसतं "मिश्र झाडं" लिहिलेला अर्ज परत येतो, कारण कमिटीला त्यातून चित्र दिसत नाही. मंजुरी लेखीच घ्या.

दंडाची नोटीस आलीच तर चूक दुरुस्त करायला मुदत मिळायला हवी, आणि नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत बोर्डापुढे सुनावणी मागता येते (कलमं २०९.००६ आणि २०९.००७).

खुरपं

ओसरी, तुमच्या यादीतलं एक सोडून सगळं होईल. पण सुरुवात खायच्या झाडांपासून करू नका, सांगाड्यापासून करा. पत्र येतं ते जुलैच्या हिरव्यागार वाफ्याबद्दल नाही, जानेवारीतल्या काटक्यांबद्दल. निम्म्याच्या आसपास लांबी सदाहरित झुडपांना द्या. बुटका यॉपॉन घ्या, छाटून तीन फुटांच्या आत ठेवता येतो, ऊन आणि चिकणमाती दोन्ही सोसतो. (त्याची पानं भाजून चहा होतो, कॅफीनसकट. फळं मात्र खायची नाहीत.) एका टोकाला रोझमेरी, 'आर्प' जातीचीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे पारा उणे २ फॅरनहाइटला गेला तेव्हा साध्या रोझमेरीची कुंपणंच्या कुंपणं करपली. 'आर्प' थंडीला जास्त काटक आहे.

आता एकेक.

अळू. नर्सरीत 'एलिफंट इअर' नावाखाली एकाच कुळातल्या तीन वेगळ्या प्रजातींची झाडं मिळतात. खऱ्या अळवाचं पान खाली झुकलेलं असतं आणि देठ पानाच्या खाचेत न लागता पाठीमागे, थोडा आत लागतो. खाचेतच देठ असेल किंवा पानाचं टोक आभाळाकडे असेल तर ते झाड खायला घेऊ नका. काळ्या पानांच्या शोभेच्या जाती बऱ्याच खाजऱ्या असतात, शिवाय नर्सरीतल्या झाडांवर मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक मारलेलं असू शकतं. सरळ देशी दुकानातून कोंब फुटलेली अरवी आणा. एप्रिलच्या मध्यानंतर ३ ते ४ इंच खोल, दीड-दोन फुटांवर लावा. पन्हाळीखालचं सावलीचं टोक अळवासाठीच आहे. पश्चिमेच्या उन्हात पानांच्या कडा कागदासारख्या वाळतात. थंडीच्या पहिल्या कडाक्यात पानं लोळतात. ती कापून वर चार इंच मल्च टाकलं की गड्डे जमिनीत तग धरतात. घराजवळ ओढा असेल तर मात्र लावू नका, मध्य टेक्सासच्या नद्यांत अळू रान माजल्यासारखं पसरलं आहे.

अंबाडी. इथे नेमकं बियाणं बघून घ्या. आपण ज्याला अंबाडी म्हणतो त्यात दोन झाडं येतात. एकाचं शास्त्रीय नावच कॅनाबिनस आहे, कारण पान थेट गांज्यासारखं दिसतं. रस्त्याच्या बाजूला ते लावून शेजाऱ्यांची झोप उडवू नका! लाल देठाची, रुंद पाकळ्यांच्या पानांची अंबाडी घ्या, म्हणजे हिबिस्कस सब्डारिफा. माती तापल्यावर, एप्रिलच्या शेवटी पेरा. एक फूट झाली की शेंडा खुडा आणि पुढे दर आठवड्याला भाजीसाठी शेंडेच तोडा. हात आखडला तर ऑगस्टपर्यंत सहा फूट होऊन खिडकी झाकते. दिवस लहान व्हायला लागल्यावरच ती फुलावर येते, ऑक्टोबरच्या सुमारास. पहिला कडाका साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पडतो, म्हणून लाल बोंडं थोडीच हाती लागतात. पानांचं पीक समजूनच लावा.

गवती चहा शोभेच्या गवतात सहज खपून जातो. चार फुटांपर्यंत जातो, तेव्हा खिडकीखाली नको, दोन खिडक्यांमधल्या भिंतीपुढे लावा. पात्याची धार हाताला लागते, म्हणून पायवाटेपासून लांब ठेवा. कडाक्यानंतर सहा इंचांवर कापून मल्च रचा, आणि एक फुटवा कुंडीत घालून गॅरेजमध्ये ठेवा. वाफ्यातला गड्डा दरवर्षी जगेलच असं नाही.

कढीपत्ता जमिनीत नाहीच. १५ इंची कुंडी, आणि पारा ४० फॅरनहाइटच्या खाली जायच्या आत घरात. लिंबूवर्गाला ग्रीनिंग रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर पोसली जाते, म्हणून निर्बंध असलेल्या भागांतून रोप हलवायला बंदी आहे. ह्यूस्टनच्या मावशीकडून गाडीत घालून आणायचं रोप म्हणूनच टाळा. प्रमाणपत्र असलेल्या नर्सरीतूनच घ्या.

कागदपत्र यांच्या म्हणण्यात एक भर. अर्जात शास्त्रीय नावं द्याच, पण त्याआड लपू नका. "यातली काही झाडं खाण्याजोगी आहेत" हे एक वाक्य टाका. कमिटीतल्या बागवाल्या माणसाला सब्डारिफा कळतंच, आणि लपवलेलं उघडं पडलं की पुढचे सगळे अर्ज बारकाईने तपासले जातात.

कागदपत्र

इथे मतभेद. फॉर्म विचारत नसेल तर आपणहून "खाण्याजोगी" हा शब्द घालून व्याख्येचा वाद कशाला ओढवून घ्यायचा? विचारलं तर मात्र खरं सांगावं.

पाटपाणी

झाडांवर इतकं बोलणं झालं, मातीचं कुणीच काढलं नाही. तिकडची काळी चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि अल्कधर्मी असते. तिच्यात वाळू मिसळू नका, विटेसारखी घट्ट होते. एक्स्पांडेड शेल (भट्टीत फुगवलेले हलके खडे) ३ इंच आणि कंपोस्ट ३ इंच पसरून वरच्या ८ इंचांत मिसळा. ११० चौरस फुटांना प्रत्येकी एक घनयार्ड पुरतं. माती ओली असताना फावडं लावू नका. मूठभर दाबून बघा, ढेकूळ बोटाने फुटलं तरच खणा.

माल मिसळल्यावर वाफा वर येतो. भिंतीलगत मात्र माती चढवू नका. विटांच्या सगळ्यात खालच्या ओळीतली भोकं मोकळी आणि खाली चार इंच काँक्रीट उघडं दिसलं पाहिजे, नाहीतर भिंतीत ओल आणि वाळवी दोन्ही शिरतात.

पाणी ठिबकनेच. अर्ध्या इंचाची, दर फुटाला तासाला ०.६ गॅलन सोडणारी नळी, १५ इंचांवर चार ओळी. म्हणजे ८८ फूट नळी, ८८ थेंबक, तासाला साधारण ५३ गॅलन. एवढ्या वाफ्यावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे ६८ गॅलन, तर आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं झाली की भागलं. गाळणी आणि २५ पीएसआयचा दाबनियंत्रक विसरू नका. दाब जास्त झाला की सांधे निसटतात आणि महिनाभर कळतही नाही. रोझमेरीच्या टोकाला बिनछिद्राची नळी वापरा आणि तिचा उंचवटा चार इंच जास्त करा. अळू आणि रोझमेरी एकाच पाण्यावर ठेवली तर रोझमेरीची मुळं कुजतात.

मल्च बारीक केलेलं लाकडी, ३ इंच. दोन घनफुटांच्या १४ पिशव्या लागतील. खोडाला टेकवू नका.

आणि लॉनवाल्याला आधीच सांगून ठेवा. गवतावर टाकतात ते उगवणरोधक दाणे वाफ्यात उडाले की तिथे अंबाडीचं बी रुजत नाही. तणनाशकाचा फवारा वाऱ्याने आला तर मिरचीची पानं पिळवटतात आणि लोक विषाणू समजून झाड उपटतात. रस्त्याकडची शेवटची फूटभर पट्टी खायच्या झाडांना देऊ नका, तिथे कुत्रीही थांबतात.

ओसरी

मनापासून आभार. मग उत्तरेकडून असा क्रम चालेल का: अळू ४ फूट, यॉपॉन ४, अंबाडी ३, यॉपॉन ४, गवती चहा ३, रोझमेरी ४? मायाळूचा वेल पोर्चच्या खांबावर चढवायचा विचार आहे.

खुरपं

क्रम चालेल, गवती चहा खिडकीसमोर येत नाही ना तेवढं मोजून घ्या. मायाळू लाल देठाचाच घ्या, पण खांबावर सुतळ्या बांधू नका. काळा लोखंडी मनोरा मिळतो, तो अर्जात "शोभेचा आधार" म्हणून उंचीसकट दाखवा. टोमॅटोचा पिंजरा दिसला की वाफा भाजीचाच ठरतो.

तुमच्या आराखड्यात हिवाळ्यात मधोमध भगदाड पडतं, अंबाडीचे तीन फूट. सप्टेंबरच्या शेवटी रंगीत देठांचा स्विस चार्ड आणि जांभळ्या पानांची मोहरी चार इंची कुंड्यांत पेरून ठेवा. अंबाडी करपली की त्याच दिवशी बुंध्याशी कापा, मुळं जमिनीतच कुजू द्या, आणि रोपं मधे १० इंच अंतर ठेवून लावा. पालेभाजी बाहेरच्या बाहेरच्या पानांनी तोडायची. अख्खं झाड उपटलं की वाफा दात पडल्यासारखा दिसतो.