स्मारक उभारलं, सांभाळायचं कोणी?

'शहीद जवानांच्या स्मारकांसाठी लोकांची श्रद्धा पुरे, कायदा कशाला' असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. अमेरिकेत आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत नवं स्मारक उभारायला २०१२च्या कायद्याने अटी आहेत: ज्या लष्करी सेवेचं किंवा प्रसंगाचं स्मारक, ते संपून किमान २५ वर्षं झालेली हवीत, जागा दफनासाठी निरुपयोगी हवी, खर्च पुढाकार घेणाऱ्या संस्थेचा. आपला राष्ट्रीय सन्मानाचा अपमान रोखणारा १९७१चा कायदा मात्र तिरंगा, संविधान आणि राष्ट्रगीतापुरताच.

आमच्या नाशिककडच्या गावांत शहीद जवानाच्या पुतळ्याच्या कठड्याला वाढदिवसाचे फ्लेक्स बांधलेले दिसतात. खालच्या संगमरवरी पाटीवर पलटणीच्या नावाचा रंग उडालेला असतो, चबुतऱ्याची फरशी उखडलेली. फार वाईट वाटतं. वीरमातेने डागडुजीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन का खेटे घालायचे? देखभाल कोणाची आणि पैसा कुठून, हे कायद्यातच लिहून हवं.