मदत हवी आहे : गाड्यांच्या आवकेसाठी पब्लिश-सबस्क्राइब, रेडिस पब-सब पुरेल की स्ट्रीम्स घ्यावे?

नमस्कार. वाशीच्या बाजार समितीतील कांदा-बटाटा मार्केटमधल्या काही अडत्यांसाठी आम्ही एक वेब ॲप्लिकेशन चालवतो. गाडी गेटवर आली की तिची नोंद होते, ती कोणत्या गाळ्याची आहे हे ठरते आणि अडत्याच्या माणसाला फोनच्या ब्राउझरवर ती आवक दिसते. त्याच पानावर दिवसभर बदलणारे भावही असतात. सर्व्हर जँगोवर (पायथनमधली वेब चौकट), डेटाबेस पोस्टग्रेस आणि पुढे एन्जिनएक्स (फोनच्या विनंत्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मधला प्रॉक्सी) अशी मांडणी आहे. सध्या प्रत्येक फोन दर ५ सेकंदांनी सर्व्हरला नवे काही आहे का असे विचारतो. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थीच असते, तरी पहाटेच्या गर्दीत डेटाबेसवर ताण येतोच.

म्हणून प्रत्येक गाळ्याचे एक चॅनल आणि भावांचे एक सामाईक चॅनल करून रेडिस पब-सब (रेडिस या मेमरीतल्या डेटा-साठ्याची पब्लिश-सबस्क्राइब सोय, म्हणजे चॅनलवरचा संदेश ते ऐकणाऱ्या सर्वांना लगेच पोहोचवणे) व वेबसॉकेट (सर्व्हर आणि ब्राउझरमधली दोन्ही दिशांची उघडी जोडणी) यांवर नमुना तयार केला. कार्यालयात तो उत्तम चालतो. गाळ्यात मात्र नेटवर्क येते-जाते, फोन खिशात गेला की जोडणी तुटते, आणि रेडिस पब-सब संदेश साठवत नसल्याने त्या क्षणी जो जोडलेला नसेल त्याच्यासाठी तो संदेश कायमचा गेलेला असतो. भावाच्या बाबतीत हे चालते, कारण पुन्हा जोडल्यावर ताजा भाव दाखवला की काम भागते. गाडीच्या नोंदीचे तसे नाही. एक नोंद चुकली तर माल उतरवायला माथाडी कामगार वेळेवर बोलावले जात नाहीत. पोस्टग्रेसचे नोटिफाय (डेटाबेसमधूनच इशारा पाठवण्याची सोय) पाहिले, पण तेही साठवत नाही आणि संदेशाला ८००० बाइट्सची मर्यादा आहे.

रेडिस ५.० पासून आलेले स्ट्रीम्स (संदेश क्रमाने साठवून ठेवणारी सोय) वापरणे योग्य ठरेल का? शिवाय आमचा डेटा सर्व्हरकडून फोनकडे असा एकाच दिशेने जातो, तर वेबसॉकेटची खरोखर गरज आहे का? जोडणी शांत राहिली की मिनिटभरात तुटते, त्यावरही उपाय सुचवावा.

प्रतिसाद

आपल्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये आधीच साठलेल्या आहेत, त्यामुळे स्ट्रीम्स आणल्यास एकाच गोष्टीच्या दोन वह्या सांभाळाव्या लागतील. माझ्या मते पब-सबवरून केवळ नवी नोंद झाल्याचा इशारा द्यावा आणि सत्य डेटाबेसमध्येच राहू द्यावे. एकाच दिशेच्या डेटाला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (उघड्या ठेवलेल्या साध्या एचटीटीपी जोडणीवरून सर्व्हरने ब्राउझरला संदेश पाठवत राहणे) पुरतात. ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडतो आणि शेवटचा मिळालेला क्रमांक लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमधून पाठवतो, त्यावरून मधल्या नोंदी देता येतात.

येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पोस्टग्रेसच्या सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या गणकाचे) क्रमांक कमिटच्या, म्हणजे नोंद पक्की होण्याच्या, क्रमाने दिसतीलच असे नाही. ४१ आधी कमिट होऊन ४० मागाहून आला, तर ४१ पाहिलेल्या फोनला ४० कधीच मिळत नाही. म्हणून प्रत्येक गाळ्याचा स्वतंत्र अनुक्रमांक ठेवावा आणि तो नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात), डेटाबेसमधील गाळ्याच्या ओळीवर लॉक घेऊन वाढवावा. दुसरे म्हणजे, आधी चॅनलला सबस्क्राइब करून मगच मागील नोंदी वाचाव्यात आणि दुहेरी आलेल्या नोंदी क्रमांकावरून गाळाव्यात. उलट क्रम ठेवल्यास मधल्या क्षणातली नोंद निसटते. इशारा जँगोच्या ऑन-कमिटमधूनच (कमिट झाल्यावरच चालणाऱ्या कोडमधून) द्यावा, अन्यथा फोन विचारायला येईल तेव्हा नोंद दिसतच नसेल.

मिनिटभराचे कारण म्हणजे एन्जिनएक्सचा प्रॉक्सी-रीड-टाइमआउट (सर्व्हरकडून काहीच न आल्यास जोडणी तोडण्याची मुदत), जो मुळात ६० सेकंदांचा असतो. दर २० सेकंदांनी एक रिकामी कॉमेंट-ओळ पाठवावी आणि त्या मार्गापुरते एन्जिनएक्सचे बफरिंग (प्रतिसाद साठवून मग पुढे पाठवणे) बंद ठेवावे. उघड्या जोडण्या साध्या वर्करला (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियेला) अडकवून ठेवतात, तेव्हा हा भाग एएसजीआयवर (पायथनच्या असिंक, म्हणजे एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणाऱ्या, पद्धतीवर) चालवावा, जँगो ४.२ पासून स्ट्रीमिंग प्रतिसादाला असिंक इटरेटर (तुकड्या-तुकड्याने डेटा देणारा कोड) देता येतो. चॅनलचे नाव ब्राउझरकडून कधीही घेऊ नये, ते लॉगिनवरून सर्व्हरने ठरवावे, नाहीतर शेजारच्या गाळ्याची आवक सहज दिसेल.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. गाळ्याचा स्वतंत्र अनुक्रमांक आम्हाला सुचला नव्हता, तो आता करून पाहतो. पडदा बंद असताना गाडी आल्यास वेब पुशने (पान उघडे नसतानाही ब्राउझरमार्फत) सूचना देण्याचा विचार आहे. आयफोनवर ते आयओएस १६.४ पासून आणि पान होम स्क्रीनवर जोडलेले असेल तरच चालते, परंतु आमच्याकडे अँड्रॉइडच अधिक आहेत. तीच नोंद दोन्ही मार्गांनी आली तर ती याच अनुक्रमांकाने गाळता येईल असे वाटते. कुणी हे प्रत्यक्ष चालवले असल्यास कृपया कळवावे.