शब्दचर्चा: देह नसलेल्या अंत्ययात्रेला काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

न्यूयॉर्कच्या बेन न्यूज सर्व्हिसची जुनी छायाचित्रं सध्या पाहतोय आणि त्यांच्या ओळी मराठीत करायला घेतल्या आहेत. जॉर्ज ग्रँथम बेन यांनी १८९८ मध्ये ही संस्था काढली आणि वर्तमानपत्रांना बातमीची छायाचित्रं पुरवली. काचेच्या निगेटिव्हवरच हाताने दोनचार शब्द लिहिलेले असतात: कोण, कुठे, जमल्यास तारीख. हा संग्रह आता लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे.

त्यात अंत्ययात्रा पुष्कळ आहेत. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं ‘फ्युनरल’ या एका शब्दावर भागलं. मला मात्र दर छायाचित्रापाशी थांबावं लागतंय. जोसेफ पेट्रोसिनो हा न्यूयॉर्क पोलिसांचा इटालियन गुप्तहेर. १२ मार्च १९०९ ला सिसिलीत पालेर्मोला त्याचा खून झाला आणि महिन्याने, १२ एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये त्याला निरोप दिला गेला. शवपेटी आहे, पोलिसांच्या रांगा आहेत, दुतर्फा माणसं आहेत. इथे ‘अंत्ययात्रा’ बिनघोर लिहिता येतं.

अडलोय ते ५ एप्रिल १९११ पाशी. त्याआधी २५ मार्चला ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यात आग लागून १४६ जण गेले. बहुतेक तरुण मुली, ज्यू आणि इटालियन घरांतल्या. काही देहांची ओळख पटलीच नाही. युनियनला त्यांना जाहीर निरोप द्यायचा होता, पण शहराने ते देह ताब्यात दिले नाहीत. ५ एप्रिललाच ब्रुकलिनच्या एव्हरग्रीन्स स्मशानभूमीत परस्पर पुरले. तरीही कामगार पावसात निघाले. पुढे सहा पांढऱ्या घोड्यांची शवगाडी, आणि ती रिकामी.

याला मराठीत काय म्हणायचं? अंत्ययात्रेत देह असतो. ‘प्रेतयात्रे’त तर शब्दातच प्रेत आहे. मिरवणूक म्हणवत नाही, कारण ‘मिरवणे’ त्यात बसलंय. मोर्चा म्हटलं की शोक गळतो.

प्रतिसाद १

शोकयात्रा. शोकसभा, शोकसंदेश, शोकप्रस्ताव चालतात तर हाही चालावा. देह असलाच पाहिजे अशी सक्ती या शब्दात नाही.

प्रतिसाद २

‘प्रतीकात्मक अंत्ययात्रा’ असं कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, तो शब्द घेऊ नका. माझं लहानपण गिरणगावात गेलं. आमच्या कानावर हा शब्द आंदोलनाच्या बातम्यांतूनच आला. मंत्र्याचा पुतळा तिरडीवर बांधायचा, पुढे कुणीतरी मडकं धरायचं, खोटं रडायचं आणि चौकात जाळायचं. त्यात राग खरा असतो, पण मरण खोटं असतं. न्यूयॉर्कच्या त्या पावसात मरण खरं होतं. मागून चालणाऱ्यांत मेलेल्यांच्या शेजारी मशीनवर बसलेल्या मुली असतील. ‘प्रतीकात्मक’ वाचलं की मराठी वाचकाला पुतळा दिसणार.

हाच घोटाळा काळ्या फितींचा. त्या काळच्या अमेरिकन छायाचित्रांत दंडावर काळी पट्टी दिसते ती शोकाची. आपल्याकडे ‘काळ्या फिती लावून काम’ म्हणजे निषेध. म्हणून ‘दंडावर शोकाची काळी पट्टी’ असं पूर्ण लिहावं.

प्रतिसाद ३

देह सापडला नाही तर काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याला शब्दही आहे: पालाशविधी. परदेशी मेलेल्याचा, बुडालेल्याचा देह हाती लागला नाही तर पळसाची आकृती करून तिच्यावर संस्कार करत. आजीच्या तोंडी हा शब्द मी ऐकलाय. हा शब्द त्या ओळीत घालू नये हे मलाही कळतं, तो एका धर्मातल्या विधीचा आहे. पण देह नसला तरी निरोप खराच असतो, ही समजूत मराठीला नवी नाही. ओळीखाली टिपण लिहिणार असाल तर रिकाम्या गाडीला ‘नाटक’ किंवा ‘देखावा’ म्हणू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

प्रतिसाद ४

सगळे शब्द वर्तमानपत्रातले चाललेत. आमच्या साताऱ्याकडे कुणी ‘अंत्ययात्रेला गेलो होतो’ म्हणत नाही. ‘मातीला गेलो होतो’ म्हणतात. दहनाला गेलं तरी मातीच. मयतीला, मौतीला, मर्तिकाला हेही आहेत, पण मातीला जाणं म्हणजे त्या घरच्या दुःखात उभं राहणं. न गेलेलं माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

‘दुखवटा’ही तसाच. सरकारी दुखवटा म्हणजे झेंडा अर्ध्यावर आणि कार्यक्रम रद्द. गावात दुखवटा काढतात: नातलग त्या घरच्यांना बोलावून घेतात, जेवू घालतात, नवे कपडे देतात, की आता बाहेर पडा, कामाला लागा. सरकारचा दुखवटा हुकुमाने सुरू होतो आणि घरचा दुखवटा माणसं येऊन संपवतात. तुमच्या त्या मुलींचा कुठला?

प्रतिसाद ५

अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातून लिहितेय, थोडं शवपेटीबद्दल. ‘ताबूत’ नको, मराठीत तो मोहरमचा. आमच्या घरी ‘पेटी’ म्हणतात, लेखनात ‘शवपेटी’. ‘वैकुंठरथ’ अर्थातच नको. घोड्यांची होती तर ‘शवगाडी’ बरोबर आहे, कारण ‘शववाहिका’ म्हटलं की मोटार दिसते.

‘पॉलबेअरर’साठी कोशातून ‘खांदेकरी’ उचलाल, तर छायाचित्र नीट पाहा. पेटी उचललेली असेल तर खांदेकरी ठीक. पण मोठ्या माणसाच्या बातमीत वीसवीस नावं येतात, ती बहुधा नुसती पेटीसोबत चालणाऱ्या प्रतिष्ठितांची. त्यांनी खांदा दिलेला नसतो. त्यांना ‘मानकरी’ म्हणा. पालखीचा मानकरी तरी कुठे पालखी उचलतो?

आणि ‘ख्रिस्तवासी’ आमच्यासाठी आहे. ज्यांची ओळखच पटली नव्हती, त्यांचा धर्म तरी कोण सांगणार होतं? तिथे नुसतं ‘मृत’.

प्रतिसाद ६

माझं मत वेगळं आहे. तो मोर्चाच होता. आगीच्या वेळी नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, अग्निशामक शिड्या तेवढ्या उंच पोचत नव्हत्या. लोक रडायलाच नव्हे, जाब विचारायलाही आले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याला कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शोकयात्रा म्हणून त्यांची मागणी पुसू नका.

मूळ प्रश्नकर्ता

दादा, तुमचा मुद्दा मनाला लागला, म्हणून पुन्हा सगळी छायाचित्रं पाहिली. एका छायाचित्रात लेडीज वेस्ट अँड ड्रेसमेकर्स युनियन, लोकल २५ चं कापडी फलक आहे. त्यावर मागणी नाही. लिहिलंय ‘वुई मोर्न अवर लॉस’. चार शब्द, आणि मी तीन दिवस त्यांच्यापाशी आहे.

‘लॉस’ला हानी म्हटलं तर विमा कंपनीचं पत्र वाटतं. नुकसान तर नकोच. आपण माणसांबद्दल ‘हानी’ बोलतो ती ‘भरून न येणारी’ आणि ‘पोकळी’सोबतच, म्हणजे श्रद्धांजलीच्या छापील भाषेत. त्या मुली तसं बोलल्या नसत्या. ‘मोर्न’ला सुतकही नाही, सुतक नात्याने लागतं, दुःख होवो न होवो. इथे तर नातं एका खोलीत शिवण्याचं होतं. शेवटी मी असं केलं: ‘आमची माणसं गेली. आम्ही शोक करतो.’ एका वाक्याची दोन झाली, पण ‘अवर’ मधला आपलेपणा ‘आमची माणसं’मध्ये येतो असं मला वाटतं.

साताऱ्याच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. तो दुखवटा सरकारने जाहीर केलेला नव्हता. त्यांनी तो स्वतः पाळला.

त्या काळच्या बातम्यांत असंही आहे की बहुतेक वाट लोक मुकाट चालत होते आणि जळालेली इमारत दिसताच बायकांनी एकच आक्रोश केला. त्यासाठी माझ्याकडे ‘हंबरडा’ हा एकच शब्द आहे. वासरासाठी गाय हंबरते त्यातला. तो घेतला.

प्रतिसाद ७

मुकाट चालण्यावरून: २८ जुलै १९१७ ला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय न बोलता चालले, ईस्ट सेंट लुइसमधल्या हत्याकांडानंतर. फक्त ढोलांचा दबका आवाज. तिथे मात्र आपला ‘मूक मोर्चा’ चपखल बसतो. बायका-मुलं पांढऱ्या कपड्यांत होती, पुरुष गडद. आपला वाचक पांढऱ्याचा अर्थ सुतकाशी जोडेल, तेवढं सांभाळा.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. सध्या ठरलंय ते असं.

‘लेफ्टनंट पेट्रोसिनो यांची अंत्ययात्रा, न्यूयॉर्क, १२ एप्रिल १९०९.’ आधी ‘इतमामात’ घातलं होतं, काढलं. इतमाम रांगांवरून दिसतोच.

‘ट्रँगल कारखान्याच्या आगीत गेलेल्यांसाठी कामगारांची शोकयात्रा, न्यूयॉर्क, ५ एप्रिल १९११. पुढची शवगाडी रिकामी आहे. ओळख न पटलेल्यांचे त्याच दिवशी ब्रुकलिनमध्ये दफन करण्यात आले.’ शोकयात्रा ठेवतोय, दादा, पण गाडी रिकामी का ते टिपणात सविस्तर लिहितो. तुमचा जाब तिथे येईल. त्या अनोळखी राहिलेल्यांतल्या शेवटच्या सहा जणांची नावं २०११ मध्ये, शंभर वर्षांनी, निश्चित झाली. तीही टिपणात घेईन.

प्रतिसाद ४, पुन्हा

‘दफन करण्यात आले’ हे पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाटतं. पेटीवर मातीच पडली ना? ‘ब्रुकलिनमध्ये माती दिली’ लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

बदललं, ताई.