नुसत्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही

ताई, जातीवरून पदोन्नतीत डावललं, अर्ज देऊन आठ महिने झाले तरी साहेब ‘बघू’च म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या प्रतिक्रियांत काहींनी स्मरणपत्रं देत राहा म्हटलंय. कृपा करून तेवढ्यावर थांबू नका. वारंवार निवेदनं दिल्यानं दाद मागायची मुदत वाढत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगून ठेवलंय.

कृषी सहायक, तलाठी, वनरक्षक अशा राज्य कर्मचाऱ्यांना मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) नागपूर खंडपीठाकडे जायला अंतिम आदेशापासून १ वर्ष मिळतं. नियमाप्रमाणे केलेल्या अपिलावर उत्तर आलं नाही, तर ६ महिने संपल्यावर पुढचं १ वर्ष. धोका नको म्हणून तुम्ही मात्र पदोन्नतीची यादी लागली त्या तारखेपासूनच मोजा. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नागपूर लांब पडतं, एवढ्यावर भिस्त ठेवू नका. (जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत.) लैंगिक छळाची तक्रार असेल तर मुदत ३ महिनेच, तक्रार समिती लेखी कारण देऊन फार तर आणखी ३ वाढवते.

आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आहे का? ‘टेबलावर ठेवून जा’ म्हटलं तरी हलू नका. घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.