नाकाची दुसरी शस्त्रक्रिया : किती थांबावे?

प्रश्न

सात महिन्यांपूर्वी मी नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा शस्त्रक्रियेने कमी करून घेतला. डावीकडून नाक सरळ दिसते. उजवीकडे मात्र दांड्याच्या मध्यावर खळगा पडला आहे आणि दिव्याखाली उभी राहिले की त्याची सावली स्पष्ट उमटते. शेंडा अजून कडक लागतो. याहून त्रासदायक म्हणजे उजव्या नाकपुडीतून श्वास पुरेसा येत नाही, त्यामुळे रात्री तोंड उघडे पडते आणि घसा कोरडा होऊन जाग येते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर थांबायला सांगतात, तर घरचे म्हणतात की आता पुन्हा हात लावूच नकोस. माझी अडचण अशी की, कशासाठी थांबायचे हेच कोणी नीट समजावून सांगत नाही. ज्यांनी या विषयाचा जवळून अनुभव घेतला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १

मी या वाटेवरून गेले आहे, म्हणून लिहिते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात मी दुसऱ्या सर्जनकडे गेले, तेव्हा त्यांनी माझ्या शेंड्यावर बोट दाबून ठेवले आणि उचलल्यावर तिथे राहिलेली खूण मला आरशात दाखवली. ‘ही सूज आहे, सुजेवर माप घेऊन कपडा बेतता येत नाही,’ असे ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून मी आणखी दहा महिने थांबले. त्या काळात शेंड्याचा जाडपणा, जो मला कायमचा दोष वाटत होता, बराचसा आपोआप उतरला. दांड्याचा वाकडेपणा मात्र तसाच राहिला आणि शेवटी शस्त्रक्रिया तेवढ्याचीच झाली. घाई केली असती, तर जे बिघडलेच नव्हते तेही कापले गेले असते, हे आठवले की आजही पोटात गोळा येतो.

एक काम मात्र आजच करा. पहिल्या शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल आणि आधीची छायाचित्रे मागून घ्या. किती कूर्चा (नाकाला आकार देणारे लवचीक, मऊ हाड) काढली, कुठून काढली, आत काय बसवले, हे त्यातूनच कळते आणि पुढच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

उत्तर २

प्लास्टिक सर्जरी विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही. तरीही तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले दिसतात आणि ते सुटे करणे मला महत्त्वाचे वाटते.

शेंड्याचा कडकपणा सातव्या महिन्यात अपेक्षितच असतो. नाकाची सूज वरून खाली उतरते आणि शेंड्याची सर्वांत शेवटी, म्हणजे साधारण १२ ते १८ महिन्यांत जाते. कातडी जाड असेल तर त्याहूनही उशिरा. आतले व्रण मऊ होण्यापूर्वी नाक उघडले, तर थर एकमेकांपासून नीट सुटत नाहीत, रक्तस्राव वाढतो आणि कातडीच्या रक्तपुरवठ्याला धोका पोहोचतो. म्हणूनच किमान एक वर्ष थांबण्याची प्रथा आहे.

खळगा आणि श्वास यांचे मूळ मात्र एकच असू शकते. उंचवटा काढताना दांड्याच्या बाजूच्या कूर्चा मधल्या पडद्यापासून, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीपासून, सुटतात. त्यांना पुन्हा आधार मिळाला नाही, तर त्या आत झुकतात. नाकातली सर्वांत अरुंद जागा नेमकी तिथेच असते. तिचा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असल्यामुळे थोडासा झोलही श्वासाला जाणवतो. त्यावर पडद्याच्या बाजूला कूर्चेच्या अरुंद पट्ट्या बसवतात. अमेरिकी प्लास्टिक सर्जन जॅक शीन यांनी ही पद्धत १९८४ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे.

खरा प्रश्न असतो तो कूर्चा आणायची कुठून हा. पहिली पसंती पडद्याला असते, पण दांडा खचू नये म्हणून तिथे पुढच्या आणि वरच्या कडेने सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची चौकट राखावीच लागते. पडदा आधीच वापरला गेला असेल, तर कानाच्या वाटीतून घेतात. ती मऊ आणि वळणदार असते, त्यामुळे आधारापेक्षा आकारासाठी बरी. बरगडीची कूर्चा भरपूर आणि भक्कम मिळते, पण कोरल्यावर वाकण्याची तिची खोड आहे. म्हणून कोरलेला तुकडा काही वेळ सलाईनमध्ये ठेवून तो कुठे वळतो ते पाहतात आणि मगच बसवतात. तुमच्या डॉक्टरांना हे आवर्जून विचारा, आणि त्यांनी यापूर्वी अशा दुरुस्त्या किती केल्या आहेत, हेही संकोच न करता विचारा.

उत्तर ३

वरच्या उत्तराशी सहमत आहे, फक्त थोडी पुस्ती जोडतो. आकारासाठी थांबायचे म्हणून श्वासाची तपासणी लांबवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने आतून पाहून घ्या. पडदा वाकडा आहे, आत चिकटलेले आहे की ॲलर्जीची सूज आहे, हे आताही कळते, आणि ॲलर्जी असेल तर औषधानेही आराम पडतो. घरच्यांच्या भीतीलाही आधार आहे. दुसऱ्या वेळी सुधारणा होते, पण मनातले नाक जसेच्या तसे मिळेल अशी हमी कोणी देत असेल, तर तिथून उठून यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर २ वाचून मी उजव्या नाकपुडीशेजारची गालाची कातडी बोटाने हळूच बाहेर ओढून पाहिली, तर श्वास लगेच मोकळा झाला. त्याचा अर्थ मी स्वतः लावणार नाही. तपासणीत ते सांगेन. अहवालासाठीचा अर्ज आज सकाळीच दिला आहे.