सर्व्हेचे पॉइंट: कुणाला मिळाले, कुणाचे बुडाले?

निशिगंध_कोल्हापूर:
सकाळी भाचीचा फोन. "आत्या, घरबसल्या सर्व्हे भरून पैसे मिळतात म्हणे, तू करायचीस ना?" झालं, सगळं डोक्यात परत सुरू. २०२० चं लॉकडाऊन, ह्यांचं महाद्वार रोडचं दुकान बंद, पोरांची शाळा मोबाईलवर. दुपारी भांडी आवरली की मी सर्व्हे उघडून बसायची. नाव नोंदवलं की लगेच बोनस पॉइंट, त्यामुळं हुरूप आलेला. मग वय, शिक्षण, घरात माणसं किती, फ्रिज आहे का, एसी आहे का, शेती आहे का, साबण कुठला, शाम्पू कुठला. वरची पट्टी सरकत सरकत ऐंशी टक्क्यांवर यायची आणि "क्षमस्व, या सर्व्हेसाठी तुम्ही पात्र नाही." सासूबाईंनी जेवढ्या वेळा म्हटलं नसेल तेवढ्या वेळा त्या साइटनं मला अपात्र म्हटलं.

व्हाउचर ५०० रुपयांचं. त्याला लागणारे पॉइंट जवळ आले की सर्व्हे यायचेच बंद. मग सण, पाहुणे, सासऱ्यांचं आजारपण, बरेच महिने मी तिकडं फिरकले नाही. परत उघडलं तर शिल्लक शून्य. मेल केला तर अटी-नियमांची लिंक पाठवली, बाकी एक अक्षर नाही.

भाचीला काय सांगू? तुमचे अनुभव लिहा, तिलाच वाचायला देते. चांगले असतील तर तेही लिहा.

तांबडा_पांढरा:
रुमाल टाकून ठेवतोय. दुकानात गिऱ्हाईक आहे.

ऊसकरी:
शेती आहे म्हणून होय केलं. म्हटलं खताचे, औषधाचे, ट्रॅक्टरचे सर्व्हे येतील. आले कशाचे तर लहान पोरांच्या डायपरचे. आमचं पोरगं अकरावीला आहे ताई.

कळंबा_कट्टा:
शहराच्या यादीत कोल्हापूरच नसायचं! मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि खाली 'इतर'. इतर दाबलं की बाहेर. मग वैतागून पुणे टाकलं, तर चार प्रश्नांनंतर पिनकोड मागितला. बोटाला सवय, ४१६ नं सुरुवात केली. परत बाहेर.

ऊसकरी:
@कळंबा_कट्टा नाद करायचा, पण पिनकोड बघून 😂

माहेर_गडहिंग्लज:
आम्ही दोघी जावा एकाच वायफायवरून भरायचो. वेगळे फोन, वेगळे मेल, वेगळी नावं. भरत होतो तोवर कुणाची काही तक्रार नाही. मोठ्या जाऊबाईंनी पैसे काढायला टाकले आणि दुसऱ्या दिवशी दोघींची खाती बंद. कारण काय, तर 'एका घरात एकच खाते'. अहो मग भरून घेतलं कशाला? तेव्हा दिसलं नाही का वायफाय एकच आहे ते? जाऊबाई अजून मलाच बोलतात, कारण लिंक मी पाठवली होती. दिवाळीला विषय निघतोच.

निशिगंध_कोल्हापूर:
@माहेर_गडहिंग्लज अगं हे भारीच. नियम बरोब्बर पैसे काढतानाच कसे आठवतात यांना!

दारोदार:
मी पलीकडच्या बाजूचा माणूस. कॉलेजात असताना एका एजन्सीसाठी राजारामपुरी, शाहूपुरी, इचलकरंजीत पॅड घेऊन दारोदार सर्व्हे केलेत. तुमचा फ्रिज, एसी, शेती उगाच विचारत नाहीत. घर कुठल्या आर्थिक गटात बसतं ते ठरवायची एक पद्धत २०११ ला आली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर गट निघायचा. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. अजून पाठ आहे बघा.

आता कंपनीला समजा एसी असलेल्या घरातल्या तिशीतल्या बायका पाहिजेत. ठरलेला आकडा भरला की कोटा बंद, त्यानंतर आलेली बाई कितीही मनापासून भरत असली तरी बाहेर. आणि सुरुवातीलाच विचारतात, 'घरात कुणी जाहिरात, प्रसारमाध्यमं किंवा मार्केट रिसर्चमध्ये आहे का?' होय म्हणणारा तिथंच कटाप. माझ्यामुळं आमच्या मंडळींना एक सर्व्हे मिळायचा नाही.

पॉइंट देऊन परत काढून घेतात त्याचंही सांगतो. मध्येच एखादा प्रश्न असतो, 'इथे अजिबात सहमत नाही हे निवडा'. तुम्ही वाचताय का हे बघायला. ब्रँडच्या यादीत एखादं नाव खोटंच घुसवलेलं असतं, त्याला 'वापरलंय' म्हटलं की तुमची सगळी उत्तरं संशयात. एकाच रकान्यात सरळ खाली खुणा मारत गेलं किंवा फार भरभर संपवलं, तरी बाद.

एक मात्र कबूल. आम्ही दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगायचो, 'काकू, तुमचं बसत नाही, येतो.' ऑनलाइनवाले गाळायचे प्रश्न शेवटापर्यंत पसरून ठेवतात. ते मला पण पटत नाही.

निशिगंध_कोल्हापूर:
@दारोदार छान सांगितलंत. पण मग माझा फ्रिज, माझी शेती, ह्यांचं शिक्षण, सगळं लिहून घेतलं ना त्यांनी? 'पात्र नाही' म्हटल्यावर ती उत्तरं मला परत देतात का? पाचशे रुपयांच्या व्हाउचरसाठी मी रडत नाहीये. पंधरा मिनिटं बसवून घेतलं, सगळं विचारून घेतलं आणि वर मीच अपात्र, ते लागतं मनाला.

दारोदार:
काही साइट गाळल्यावर एक-दोन पॉइंट देतात. तेवढंच.

खाऊगल्ली:
आमच्या दारात आलेल्या बाईंनी सर्व्हे झाल्यावर स्टीलची वाटी दिलेली. अजून आहे घरात. चटणीला काढते.

तांबडा_पांढरा:
@खाऊगल्ली वाटी?? आम्हाला पेन दिलं होतं, तेही उठत नव्हतं.

आक्का_मिरजवाली:
मी वेगळं सांगते, चिडू नका. मला मिळालेत. प्रेशर कुकर आणि मुलाचा हेडफोन व्हाउचरवर आलाय. सर्व्हेसाठी वेगळा मेल काढला, प्रोफाइलमधले सगळे प्रश्न एकदाच नीट भरून टाकले आणि कमीत कमी मर्यादा गाठली की त्याच दिवशी पॉइंट काढले. साठवायचे नाहीत. ती काय भिशी आहे का दिवाळीला फोडायला! ज्या साइटची मर्यादा मोठी असते तिथं मी जातच नाही. तासाचा हिशेब केला तर मजुरी काहीच नाही पडत हे खरं, पण मी मालिका बघत बघत भरायची.

कळंबा_कट्टा:
मालिका बघत? मग तो 'अजिबात सहमत नाही'वाला प्रश्न कसा सापडला तुम्हाला 😄

आक्का_मिरजवाली:
जाहिरात लागली की भरायची रे बाबा.

शाहूपुरी_४थी_गल्ली:
माझं व्हाउचर आलं, कोड टाकला, 'मुदत संपली'. मेल स्पॅममध्ये पडून होता. साइट म्हणते दुकानाला विचारा, दुकान म्हणतं साइटला विचारा. सोडून दिलं.

ऊसकरी:
आमच्या बिलाची पण हीच गत, कारखाना बँकेकडं आणि बँक कारखान्याकडं.

पुतण्याचा_काका:
भाचीसाठी एक गंभीर गोष्ट लिहितो. सर्व्हे वेगळा आणि 'टास्क' वेगळा. आमचा पुतण्या गांधीनगरला कपड्याच्या दुकानात आहे. त्याला मेसेज आला, हॉटेलला पाच स्टार द्या, पैसे घ्या. पहिल्या दिवशी खरंच १५० रुपये खात्यात आले. मग ग्रुपमध्ये घेतलं, मोठा टास्क पाहिजे तर आधी पैसे भरा म्हणाले. भरले. स्क्रीनवर त्याची शिल्लक वाढताना दिसायची, काढायला गेला की टॅक्सचे म्हणून अजून भरा. घरात सांगितलं तेव्हा बाईकसाठी साठवलेले सगळे गेले होते. पोरगं दोन दिवस जेवलं नव्हतं.

असं काही झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, जितक्या लवकर तितकं पैसे वाटेत थांबायची आशा. सर्व्हेवाले तुमच्याकडून पैसे मागत नाहीत. नोंदणी फी, ओटीपी, आधारचा फोटो, काहीही मागितलं की बंद करायचं.

माहेर_गडहिंग्लज:
अरे देवा. आता बरा आहे का तो?

पुतण्याचा_काका:
आहे. पैसे थोडे परत आले, सगळे नाही. फोन मात्र साधा घेतलाय त्यानं, बटणांचा.

निशिगंध_कोल्हापूर:
@पुतण्याचा_काका हे भाचीला आत्ताच पाठवलं. तिनं नेमका तसलाच एक ग्रुप जॉईन केला होता, बाहेर पडली. धन्यवाद दादा.

खाऊगल्ली:
अवांतर: फ्रिजचा विषय निघालाच आहे तर, मंगळवार पेठेच्या जवळपास फ्रिजचा गॅस भरणारं कुणी खात्रीचं आहे का? वरचा बर्फ होतोय, खाली दूध नासतंय.

दारोदार:
गॅसचं बोलूच नका आधी. वर बर्फ होतोय म्हणजे गॅस असणार. आतला पंखा बघायला सांगा.

तांबडा_पांढरा:
@खाऊगल्ली खासगी मेसेज केलाय. माणूस चांगला आहे, पण चार म्हटलं की सातला येतो.