मदत हवी आहे: वीस खाटांचा दवाखाना, जिना एकच. फायरच्या दाखल्यापलीकडे खरोखर काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा वीस खाटांचा दवाखाना आहे. दीर स्त्रीरोगतज्ज्ञ, जाऊबाई बालरोगतज्ज्ञ. स्टाफ, हिशेब, परवाने हे सगळं माझ्याकडे. नर्सिंग होमची नोंदणी ३१ मार्चला संपते आणि नूतनीकरणाला फायरचा दाखला लागतो. तो कसा काढायचा ते मला माहीत आहे, त्यासाठी हा धागा नाही.

झालं असं की दाखल्यासाठी एका एजन्सीला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आग विझवायच्या सिलिंडरचे फोटो व्हॉट्सअॅप करा, बी फॉर्म उद्या मिळून जाईल." बी फॉर्म म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं एजन्सीचं प्रमाणपत्र. मी नको म्हणाले. माणूस इमारतीत पाय न ठेवता सही करणार असेल तर त्या सहीचा आमच्या पेशंटला काय उपयोग? तेव्हापासून मी स्वतः वही घेऊन दवाखाना फिरते आहे आणि जे दिसतंय त्यानं झोप उडाली आहे.

इमारत १९९६ ची. तळमजल्यावर ओपीडी, मेडिकल, सोनोग्राफी. पहिल्या मजल्यावर लेबर रूम, ओटी (ऑपरेशन थिएटर), जनरल वॉर्ड आणि चार वॉर्मरचा (बाळाला ऊब देणारी यंत्रं) एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. दुसऱ्यावर स्पेशल रूम, वर गच्ची. नकाशा मुळात राहत्या घराचा, दवाखाना नंतर वाढत गेला. जिना एकच, चार फुटी. वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, म्हणून पेशंट कायम लिफ्टनेच वरखाली होतो. जिन्याखालच्या जागेत इन्व्हर्टर, त्याच्या चार बॅटऱ्या आणि जुन्या केसपेपरचे गठ्ठे. आग तिथेच लागली तर धूर सरळ जिन्यातून वर चढणार आणि उतरायला दुसरी वाट नाही.

एनआयसीयूत मागे एसी बसवताना खिडक्या पीव्हीसी पॅनेलनं बंद केल्या, छतालाही तेच पॅनेल. दिसायला स्वच्छ, पुसायला सोपं, म्हणून सगळ्यांनीच बसवलं आहे आमच्याकडे. ते जळलं की काळा, घशाला जाळणारा धूर निघतो हे आता वाचलं. ऑक्सिजनची पाइपलाइन मागच्या बोळातल्या मॅनिफोल्डवरून (जिथे मोठे सिलिंडर एकत्र जोडलेले असतात) येते. वॉर्डाबाहेरचा तिचा व्हॉल्व्ह औषधांच्या कपाटामागे आहे, कपाट सरकवल्याशिवाय हात पोचत नाही.

परवा रात्रपाळीच्या स्टाफला बसवून विचारलं, आग लागली तर काय कराल? सिस्टर म्हणाल्या, सिलिंडर घेऊ, फायर ब्रिगेडला फोन करू. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, आधी लेकरं उचलायची का बाळंतिणी? सिझरच्या बाईला पहिल्या दिवशी नीट बसताबी येत नाही." मला उत्तर देता आलं नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले, आमच्याकडेही सिलिंडर वाढले. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणत्याच ऑडिटमध्ये नाही.

आणखी एक अडचण इथलीच आहे. फायरची टाकी कायम भरलेली हवी म्हणतात. आमच्या गावात नळ आठवड्यातून एकदा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस इथं कुणी विसरलेलं नाही. मे महिन्यात ओटीला पाणी नसताना गच्चीवर हजारो लिटर नुसतं राखून ठेवा, असं स्टाफला सांगितलं तरी ते राखलं जाईल का?

पैसा आहे पण अमाप नाही. सगळं एकदम होणार नाही. आधी काय, नंतर काय, हे अनुभवी माणसांकडून हवं आहे. जुन्या इमारतीत हे करून घेतलेल्या डॉक्टर मंडळींनीही कृपया लिहावं.

प्रतिसाद: निवृत्त फायर ऑफिसर, नांदेड

ताई, फोटोवर बी फॉर्म घेतला नाहीत ते फार चांगलं केलंत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यात जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची आहे, एजन्सीची नाही. यंत्रणा बसवली की परवानाधारक एजन्सीकडून ए फॉर्म, आणि ती चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत. एजन्सीचं नाव महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, ते आधी बघा. चाचणीच्या वेळी स्वतः उभ्या राहा. होजरीलचा (भिंतीवरच्या चाकाला गुंडाळलेला पाण्याचा पाइप) नॉब उघडायला लावा आणि पाणी पडताना डोळ्यांनी बघा.

आता जिना. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ दवाखान्याला दोन मीटरचा जिना आणि २.४ मीटरचा कॉरिडॉर मागते. तुमचा जिना सव्वा मीटरच्या आसपास आहे, तो रुंद होणार नाही. रॅम्पचं मनात असेल तर हिशेब करा: उतार एकास बारा, मजला अकरा फुटांचा धरला तर एकशे बत्तीस फूट नुसता उतार, वळणावरचे चौथरे वेगळे. तुमच्या प्लॉटवर तो मावणार नाही. राहिला बाहेरून लोखंडी जिना. त्याला संहितेचं किमान माप सव्वा मीटर रुंदी, पायरीची खोली २५० मिलिमीटर, उंची १९० च्या आत, आणि चढ ४५ अंशांपेक्षा तीव्र नको. गोल जिना कुणी सुचवला तर ऐकू नका, बाळंतीण त्यावरून उतरवता येत नाही. बाहेरच्या जिन्याच्या वाटेत खिडक्या येत नाहीत ना, तेही पाहून घ्या. खिडकीतून ज्वाळा बाहेर आल्या तर तो जिनाही बंद.

पण त्याही आधी एक काम करा, ते पुष्कळ कमी खर्चाचं आहे. पहिला मजला मधोमध दोन भागांत विभागा. एका बाजूला एनआयसीयू आणि लेबर रूम, दुसऱ्या बाजूला जनरल वॉर्ड. मध्ये स्लॅबपर्यंत भिंत आणि दोन तास टिकणारं, आपोआप बंद होणारं फायर डोअर. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी उघडी राहिली तर धूर तिथून पलीकडे जातो, म्हणून भिंत स्लॅबलाच टेकली पाहिजे. केबल आणि पाइपची भोकं फायर सीलंटनं बुजवा. दवाखाना रिकामा करताना पेशंट आधी आडवा सरकवतात, त्याच मजल्यावर, दाराच्या पलीकडे. तिथे दम घ्यायला वेळ मिळतो. खाली उतरवायचं की नाही ते मग ठरतं. तसंच दार जिन्यालाही प्रत्येक मजल्यावर हवं. आणि त्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवायची सवय पहिल्या दिवशीच मोडा.

जिन्याखालच्या बॅटऱ्या आणि गठ्ठे आजच काढा. याला कुणाची परवानगी लागत नाही.

पाण्याचं उत्तर सोपं आहे. नळाचं, बोअरचं, टँकरचं सगळं पाणी आधी फायरच्या टाकीत सोडा आणि तिचा ओव्हरफ्लो वापराच्या टाकीत द्या. फायरची टाकी भरल्याशिवाय वापराला पाणी येतच नाही, पाणी खेळतं राहतं म्हणून शेवाळही धरत नाही. तिला वापराचा नळ जोडायचाच नाही, म्हणजे कुणी उपसेल ही भीती राहत नाही.

प्रतिसाद: इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, परभणी

२०२१ या एका वर्षात भंडारा, विरार आणि अहमदनगर, तिन्ही आगी अतिदक्षता विभागांतल्या. तिथे एसी, वॉर्मर, व्हेंटिलेटर चोवीस तास चालू, आणि हवेत ऑक्सिजन जास्त. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण साध्या हवेत तो २१ टक्के असतो, तो थोडा जरी वाढला तरी चादर, कापूस, ट्यूब भराभरा पेटतात.

मॅडम, एक गोष्ट आज संध्याकाळी बघा. एनआयसीयूचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा आहे आणि त्याच्या मागची वायर किती स्क्वेअर एमएमची आहे. मे महिन्यात एमसीबी सारखा पडतो म्हणून वायरमन तो काढून मोठा टाकतात. आपल्या भागात हे घरोघरी, दवाखानोदवाखानी केलेलं असतं. एमसीबी पडायचा बंद होतो, वायर मात्र भिंतीत तापत राहते. एमसीबी वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. प्रत्येक एसीला आणि वॉर्मरच्या प्रत्येक जोडीला वेगळं सर्किट द्या, एक्स्टेन्शन बोर्ड एकही ठेवू नका. तिन्ही फेजवर लोड किती आहे ते क्लॅम्प मीटरनं दुपारी तीनला मोजा, सकाळी मोजून उपयोग नाही. पॅनेलची थर्मल कॅमेऱ्यानं तपासणी करून घ्या. सैल स्क्रू आणि ढिली न्यूट्रल त्यात लाल दिसते.

पीव्हीसी पॅनेल एनआयसीयूतून तरी काढाच. साधा प्लास्टर आणि धुता येणारा रंग पुरतो. एक खिडकी आतून उघडेल अशी करा, धूर बाहेर काढायला तीच कामी येते. ओटी आणि एनआयसीयूजवळ कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर ठेवा. एबीसी पावडर विझवते खरी, पण बाळाच्या नाकातोंडात जाते आणि मशीनही निकामी करते.

प्रतिसाद: एनआयसीयू सिस्टर, छत्रपती संभाजीनगर

मावशींचा प्रश्न अगदी बरोबर आहे, मॅडम. त्यांना सांगा, आगीच्या सर्वांत जवळ जो आहे तो आधी. मग चालता येणारे, मग धरून न्यावे लागणारे, शेवटी पूर्ण झोपून असलेले. बाळं आणि आई यांच्यात निवड करायची वेळ येऊ नये म्हणून माणसं आधीच वाटून ठेवतात. आमच्याकडे ड्यूटी बोर्डावर रोज लिहितो: बाळं कुणाची, बाळंतिणी कुणाच्या, १०१ ला फोन कोण करणार, ऑक्सिजन कोण बंद करणार.

बाळांसाठी मोठ्या खिशांचे जाड सुती एप्रन शिवून घ्या. एका सिस्टरला दोन बाळं अंगाशी घेऊन दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. पायाला ओळखपट्टी रात्रीही असलीच पाहिजे. सिझरच्या बाईला उचलायला जायचं नाही. चादरीत गुंडाळून, डोक्याकडून चादर धरून जमिनीवरून ओढत न्यायचं. धूर वर असतो, खाली हवा बरी असते, त्यामुळे तेच तिच्यासाठीही चांगलं. दोन बारीक बायकाही एवढं करू शकतात, आम्ही स्टाफमधल्याच एकीला झोपवून ओढून पाहिलं आहे.

ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह घाईनं बंद करू नका. आधी सीपॅपवरची (श्वासाला मदत करणारं यंत्र) बाळं अँबू बॅग (हातानं दाबून श्वास देणारी पिशवी) आणि ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर घ्यायची, मग इन्चार्ज सिस्टरनं ओरडून सांगायचं आणि बंद करायचं. कपाट मात्र आजच हलवा. व्हॉल्व्हवर कोणत्या खोल्यांचा पुरवठा बंद होतो ते मराठीत मोठं लिहा. रेग्युलेटरला तेल, ग्रीस, हातावरचं खोबरेल काही लागू देऊ नका, तेलानं तिथे पेट घेतो.

शेवटचं म्हणजे नातेवाईक. आपल्याकडे एका बाळंतिणीमागे सासू, आई, नणंद, सगळ्या रात्री कॉरिडॉरमध्ये आणि जिन्यात पथारी टाकून झोपतात. गावाकडून आलेली माणसं, लॉज परवडत नाही. त्यांना हाकलू नका, तळमजल्यावर ओपीडीच्या बाकांजवळ रात्री जागा द्या. जिना मोकळा राहतो आणि गरज पडली तर खाली हाताशी माणसं असतात.

प्रतिसाद: स्थापत्य अभियंता, औसा

मधली भिंत बांधताना किंवा जिन्यासाठी नवं दार करताना एवढं नक्की करा. इमारत कॉलम-बीमवर आहे की भिंतींवर, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाइपसाठी बीमला भोक पाडलेले दवाखाने मी पाहिले आहेत. होजरीलचा पाइप स्लॅबमधून न्या, बीमला हात लावू देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटऱ्या आणि केसपेपर मागच्या शेडमध्ये हलवले, कपाटही सरकवलं. सिस्टर, एप्रनचं माप शिंप्याला दिलं आहे, रात्रपाळीचं वाटप बोर्डावर लावलं आहे. एमसीबी पाहिला. एसीच्या सर्किटवर वायरला झेपेल त्याहून मोठाच निघाला, उद्या वायरमन येतो आहे. मधली भिंत आणि फायर डोअर या उन्हाळ्याआधी करायचं दिरांनी ठरवलं आहे, पॅनेलही त्यातच निघेल. इमारत कॉलमवरच आहे, पण लेखी घेते.

आता अडलंय ते बाहेरच्या जिन्यापाशी. पूर्वेला शेजाऱ्यांची बखळ आहे आणि आमची बाजूची मोकळी जागा जेमतेम दहा फूट. त्यात जिना उतरवला तर फायरची गाडी मागे जायला वाट उरते का, आणि नगरपरिषदेकडे सुधारित नकाशा कसा टाकायचा? उदगीर, अंबाजोगाई, लातूर भागात जुन्या दवाखान्याला असा जिना लावून घेतलेल्या कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर दिरांना घेऊन प्रत्यक्ष बघायला येईन. काम केलेल्या आर्किटेक्टचंही सांगा.